करवत सगळ्यात शेवटी: झाडावर काम करणाऱ्यांसाठी

एप्रिल उतरणीला लागला की सोलापुरात दुपारनंतर आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो आणि वळवाच्या पहिल्याच झोडप्यात कुठं ना कुठं मोठी फांदी आडवी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून आमचे फोन वाजायला लागतात. "कंपाउंडवर फांदी आलीय, आजच्या आज काढून द्या." अशा घाईच्या कामांना जाणारी नवी पोरं मी दर वर्षी बघतो. पायात चप्पल, कमरेला कोयता, खांद्यावर पिवळा प्लास्टिकचा दोर. अंगात धमक असते, उंचीची भीती नसते, पण कुणी हाताला धरून शिकवलेलं नसतं. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी. त्यांना कामाला बोलावणाऱ्या घरमालकांनीही वाचावं. काय मागायचं हे मालकाला कळलं, तर गड्यालाही नीट काम करायला वेळ मिळतो.

या धंद्यात करवत सगळ्यात शेवटी येते. साहित्य विकत घेताना शेवटी आणि रोजच्या कामातही शेवटी. ज्यांनी ती आधी काढली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे हातपाय आज धड नाहीत.

आधी खाली उभं राहा

झाडाखाली पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं कुणी हत्याराला हात लावायचा नाही, हा आमच्या टोळीचा नियम आहे. झाडाला दोन फेऱ्या मारायच्या, एक लांबून आणि एक अगदी जवळून.

लांबून झाडाचा तोल कळतो. झाड कललेलं असेल, तर कल जुना की नवा ते बघा. जुना कल असला की शेंडा पुन्हा आभाळाकडं वळलेला असतो, झाडानं स्वतःला सावरून घेतलेलं असतं. नवा कल असेल तर अख्खं झाड एका रेषेत वाकलेलं दिसतं आणि उलट्या बाजूची माती उचलून भेगाळलेली असते. अशा झाडावर चढायचंच नाही. ते काम क्रेनचं किंवा शिडीच्या गाडीचं.

जवळून बघताना बुंध्यापासून सुरुवात करा. बुंध्याला चिकटून लाकडासारखी कडक, वरून तपकिरी चकचकीत आणि खालून पांढरट अशी बुरशीची चकती दिसली, तर आत मुळं नाहीतर बुंधा कुजतोय हे धरून चाला. मग लाकडी हातोडीनं खोड ठोकत फिरा. भरीव खोडाचा आवाज कडक येतो, पोकळ खोडाचा ढोलासारखा. जुन्या रस्त्यांकडेच्या झाडांत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. गटारीसाठी किंवा केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तोडलेली असतात, आणि वरून सिमेंट टाकल्यामुळं ते दिसत नाही. घरमालकाला, शेजारच्या टपरीवाल्याला विचारा, "इथं कधी खोदलं होतं का?" ही माहिती झाडाकडं बघून मिळत नाही, माणसांकडून मिळते.

वर बघताना मान दुखेपर्यंत बघा. वाळलेल्या फांद्या, तुटून मध्येच अडकलेली फांदी, बेचक्यातली चीर, ढोली. आणि आग्या मोहोळ. वड, पिंपळ, रेन ट्री यांच्या उंच आडव्या फांद्यांच्या खालच्या अंगाला ते लटकलेलं असतं आणि पानांत सहज लपतं. करवतीचा आवाज झाला की त्या माश्या शंभरांनी उठतात आणि दोरावर टांगलेल्या माणसाला पळायला जागा नसते. मोहोळ दिसलं तर त्या दिवशीचं काम थांबवा आणि मोहोळ हलवणाऱ्या जाणकाराला आधी बोलवा. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असली तरीही थांबा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो शहरातल्या झाडालाही लागू आहे.

झाडाची जातही बघायची. चिंचेचं लाकूड चिवट, कडुनिंबही विश्वासाचा. पण मादागास्करहून आलेला गुलमोहर, दक्षिण अमेरिकेकडून आलेला रेन ट्री, सुबाभूळ आणि शेवगा यांच्या फांद्या वाकून इशारा देत नाहीत, एकदम तुटतात. गुलमोहराच्या ज्या फांदीवर तुम्ही जपून पाय द्याल, त्याच जाडीच्या शेवग्याच्या फांदीवर नजरही ठेवू नका. आणि चिंचेवर ठेवता तेवढा भरवसा गुलमोहरावर ठेवू नका.

तारा आणि कागद

झाडातून जाणाऱ्या तारांनी आमच्या धंद्यात जेवढी माणसं नेलीत, तेवढी उंचीनं नेली नसतील असं मला वाटतं. अकरा हजार व्होल्टच्या लाइनपासून माणूस, हत्यार आणि कापली जाणारी फांदी ही तिन्ही किमान दहा फूट लांब असली पाहिजेत. ओली फांदी वीज वाहून नेते, तारेला शिवायचीही गरज नसते. तारेवर काळं आवरण दिसलं म्हणून ती सुरक्षित समजू नका. जवळचं काम असेल तर महावितरणकडं शटडाऊन मागा, लाइनमन जागेवर हवा, आणि त्यानं स्वतः तपासून लाइन अर्थ केली की मगच चढा. "फोनवर सांगितलंय, लाइन बंद आहे" एवढ्यावर कधीच नाही. शेजारच्या कारखान्याचा जनरेटर उलटा करंट देऊ शकतो.

कागदाचं थोडक्यात सांगतो. शहराच्या हद्दीत १९७५ चा झाडांचं संरक्षण आणि जतन करण्याचा कायदा लागू आहे. त्यात झाड 'तोडणं' म्हणजे नुसतं बुंध्यातून पाडणं नव्हे. जाळणं, कापणं, कसंही नुकसान करणं हे सगळं त्यात येतं. म्हणून छाटणीसाठीही महापालिकेची लेखी परवानगी घ्यावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे, त्याची छाननी जास्त कडक होते. गावाकडं १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं स्वतःच्या बांधावर असली तरी त्याखाली येतात. अर्ज मालकानं करायचा, पण परवानगीचा कागद तुम्ही स्वतः वाचायचा आणि त्याची प्रत कामाच्या जागी जवळ ठेवायची. कागदावर "दोन फांद्या" लिहिल्या असतील तर दोनच.

विकत काय घ्यायचं, कुठल्या क्रमानं

पहिलं हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा असलेलं. मोटारसायकलचं नव्हे, त्यात ऐकू येत नाही आणि वर मान करता येत नाही. खाली उभ्या माणसालाही हेल्मेट हवंच. फांदी त्याच्याच डोक्यावर पडते.

दुसरा पट्टा, म्हणजे हार्नेस. आपल्याकडं अजूनही कमरेला दोराचा वेढा मारून चढतात. त्यानं माणूस लटकतो खरा, पण पडताना सगळा हिसका कमरेच्या मणक्यावर आणि बरगड्यांवर बसतो, आणि त्यातून वाचला तरी तसा टांगलेला माणूस काही मिनिटांत श्वासाला महाग होतो. मांड्यांना आधार देणारा, बसून काम करता येईल असा झाडकामाचा हार्नेस घ्या. तो परवडत नसेल तोवर निदान आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस तरी घ्या. बांधकामाच्या साहित्याच्या दुकानात तो मिळतो.

तिसरा दोर. इथं जरा थांबतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी विजापूर रोडच्या बाजूला एका बंगल्यात आम्ही कडुनिंबाची आडवी फांदी उतरवत होतो. दोर होता बाजारातला पिवळा प्लास्टिकचा. फांदी बांधली, दोर खोडाला दोन वेढे देऊन खालून हळूहळू सोडायला लागलो. निम्म्यात आल्यावर जळका वास आला. वेढ्यांमध्ये दोर खोडावर घासून वितळत होता. मी "बाजूला हो" म्हणेपर्यंत तो तुटला. फांदीनं कंपाउंडची भिंत फोडली. माझा जोडीदार दीड हात बाजूला होता म्हणून वाचला. तुटलेलं टोक मी नंतर हातात घेऊन पाहिलं. त्याचे सगळे धागे एकजीव होऊन मेणबत्तीच्या ओघळासारखं कडक, चकचकीत बोंड झालं होतं. ते प्लास्टिक सुमारे १६५ अंशांना वितळतं. पॉलिस्टर अडीचशेच्या वर जाईपर्यंत टिकतं. हा फरक मला त्या दिवशीपर्यंत माहीत नव्हता.

म्हणून चढायचा दोर वेगळा आणि फांदी उतरवायचा दोर वेगळा. चढायला १२ ते १३ मिलिमीटर जाडीचा, विणलेला, झाडकामासाठी बनवलेला दोर. दुहेरी दोरावर चढायचं असल्यामुळं त्याची लांबी झाडाच्या उंचीच्या दुपटीहून जास्त हवी. साठ फुटी झाडाला ४५ मीटरचं भेंडोळं पुरतं. उतरवायला पॉलिस्टरचा जाड दोर. दोन्हींचे रंग वेगळे ठेवा आणि फांदी उतरवलेल्या दोरावर कधीही माणूस टांगू नका. त्या दोरानं किती हिसके खाल्लेत ते वरून दिसत नाही.

मग आपोआप बंद होणाऱ्या कुलपाच्या कड्या, म्हणजे कॅराबिनर. मग कमरेला बांधायचा छोटा पट्टादोर. मग वाकड्या पात्याची, ओढताना कापणारी हातकरवत, मांडीला बांधायच्या म्यानासह. झाडावरचं निम्म्याहून जास्त काम त्या हातकरवतीनं होतं. एवढं सगळं झालं की मगच पेट्रोलची करवत.

काटेरी लोखंडी बूट, म्हणजे स्पाइक, फक्त पाडायच्या झाडाला. जिवंत ठेवायच्या झाडावर प्रत्येक पावलाला एक जखम होते आणि तिथून कीड शिरते. छाटणीला स्पाइक घालून आलेला माणूस दिसला, तर मालकानं त्याला खालूनच परत पाठवावं.

चढणं

पातळ दोरीला दोन-तीनशे ग्रॅमची शिशाच्या छऱ्यांची पिशवी बांधून ती वरच्या बेचक्यातून टाकायची आणि तिच्यामागून चढायचा दोर ओढून घ्यायचा. बेचकं खोडाला लागून असावं, फांदी जिवंत असावी आणि मनगटाहून चांगली जाड, म्हणजे चार-पाच इंचांची असावी. मग खालूनच दोघांनी मिळून दोराला लोंबकळून बघायचं. काही कडकडलं तर जागा बदला.

दोरावर प्रुसिक किंवा ब्लेक गाठ मारून चढतात. ती वजन पडलं की आवळते आणि हातानं ढकलली की सरकते. प्रुसिकची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक, आठ ते दहा मिलिमीटरची हवी. सारख्या जाडीची घेतली तर गाठ धरत नाही. दोराच्या मोकळ्या टोकाला मोठी गाठ मारायला विसरू नका, नाहीतर उतरताना दोर संपतो आणि गाठ टोकातून निसटते. प्रत्येक गाठ चढण्याआधी खालच्या माणसानं डोळ्यांनी बघायची आणि हातानं ओढून बघायची. मी इतकी वर्षं चढतोय, तरी आजही माझी गाठ दुसरा तपासतो.

वर पोचल्यावर कापण्याआधी दोन ठिकाणी बांधून घ्यायचं. एक मुख्य दोर आणि दुसरा कमरेचा पट्टादोर. करवतीचा हात चुकून दोराला लागलाच, तर दुसरा सांभाळतो.

फांदी कशी कापायची

इथं बहुतेकांची चूक होते, आणि ती झाडाला वीस वर्षं भोगावी लागते. फांदी वरून एका दमात कापली की शेवटी ती स्वतःच्या वजनानं मोडते आणि खोडाची साल खाली हातभर सोलून नेते. म्हणून तीन काप घ्यायचे.

पहिला काप खालून, खोडापासून फूटभर लांब, फांदीच्या जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. करवत अडकायला लागली की थांबा. दुसरा काप वरून, पहिल्यापेक्षा दोन-तीन इंच बाहेरच्या बाजूला. फांदी तुटून पडेल आणि साल पहिल्या कापापाशी अडेल. आता खोडाला फूटभराचं खुंट राहिलं. तिसरा काप त्याचा.

या तिसऱ्या कापासाठी फांदी खोडाला मिळते तिथं नीट बघा. तिथं सालीला वळ्या पडलेल्या असतात आणि जागा जराशी फुगलेली असते, मनगटाला घट्ट बांगडी घातल्यावर मागचा हात फुगतो तशी. कडुनिंबावर ती स्पष्ट दिसते, बोटानं चाचपली तरी कळते. ही फुगवटी झाडाची, खुंट तुमचं. फुगवटीच्या अगदी बाहेरून कापा. फुगवटी कापून खोडाला सपाट केलं तर जखम दुप्पट होते आणि झाडाची जखम बंद करायची ताकद तिथंच संपते. लांब खुंट ठेवलं तर ते वाळतं, कुजतं आणि ती कूज आत उतरते. नीट कापलेल्या जागी वर्षभरात चारी बाजूंनी गोल कडा चढलेली दिसते. ती बघायला मी जुन्या कामांवर मुद्दाम जातो.

जखमेवर डांबर, तेलरंग, शेण यातलं काही लावायचं नाही. अलेक्स शिगो या अमेरिकी वन-रोगतज्ज्ञानं हजारो खोडं उभी चिरून अभ्यास केला. १९७७ साली त्यानं मांडलं की झाड जखम भरून काढत नाही, तर कुजकी जागा आतून भिंती घालून वेगळी करतं. वरच्या रंगाचा त्या भिंतींना काही उपयोग नाही. उलट आत ओल धरून राहते. सांगोल्याकडचे डाळिंबवाले बागायतदार छाटणीनंतर बोर्डो पेस्ट लावतात. ती फळबागेतल्या रोगासाठी आहे, त्यांचं बरोबर आहे. रस्त्याकडेच्या कडुनिंबाला तिची गरज नाही.

एका वेळी जिवंत पानोऱ्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त काढू नका. "एकदाच बोडकं करून टाका, दोन-तीन वर्षं बघायला नको," असं मालक सांगतात. त्यांना तिथंच समजावून सांगा. बोडक्या झाडाला कापल्या जागी झाडूसारखे धुमारे फुटतात, ते नुसते सालीला धरून वाढतात आणि चार-पाच वर्षांत जड होऊन वळवाच्या वाऱ्यात तेच आधी मोडतात. शिवाय सावलीत वाढलेली साल सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात एकदम उघडी पडली की भाजून तडकते. छाटणीला आपल्याकडं बरा काळ म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यापासून कडुनिंबाला नवी पालवी फुटेपर्यंतचा. वाळलेली, धोक्याची फांदी मात्र कधीही काढा, तिला मुहूर्त नाही.

फांदी खाली आणणं

आधी वजनाचा अंदाज घ्या. एक फूट जाड आणि दहा फूट लांब ओला ओंडका दोनशे किलोच्या आसपास भरतो. नुसतं हवेतून तीन-चार फूट पडून दोराला हिसका बसला तर तोच भार कितीतरी पट होतो. म्हणून मोठी फांदी छोट्या तुकड्यांत. दोर खोडाला दोन-तीन वेढे देऊन घर्षणावर सोडायचा, नुसत्या हातानं नाही. आणि दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. फांदी सुटली की दोर हातासकट माणसाला ओढतो.

आमच्या टोळीत मराठी, कानडी आणि तेलुगू बोलणारे गडी आहेत. सोलापुरात बहुतेक टोळ्यांत असेच असतात. एकदा खालच्यानं ऐन वेळी 'बिडू', म्हणजे कानडीत 'सोड', असं ऐकलं आणि दोर सोडला. प्रत्यक्षात वरचा शेजाऱ्याशी बोलत होता. तेव्हापासून आमचे शब्द ठरलेले आहेत. वरचा विचारतो, "खाली मोकळं?" खालचा बघून म्हणतो, "मोकळं." ते उत्तर आल्याशिवाय काप नाही. "थांब" मात्र कुणीही, कधीही ओरडू शकतो आणि सगळ्यांनी थांबायचं. रस्त्याच्या बाजूला एक माणूस फक्त माणसं अडवायला. फांदीखालून शाळेची पोरं सायकल काढतात, त्यांना वर काय चाललंय ते दिसत नाही.

आता करवत

चेन सॉ, म्हणजे पेट्रोलची करवत, दोन्ही हातांनी धरायची, झाडावरही. एका हातात करवत आणि दुसऱ्या हातात फांदी धरून कापणारे पाहिले की मला बघवत नाही. पात्याच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागला की करवत उसळून तोंडाकडं येते. ती उसळी दोन्ही हातांची पकड आणि साखळीचा ब्रेक यांनीच आवरते. ब्रेक रोज सकाळी तपासायचा. सुरू करताना करवत जमिनीवर, पायाखाली दाबून, ब्रेक लावून.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणातच. पन्नासास एक असेल तर पाच लिटरला शंभर मिली. एका दिवसापुरतंच मिसळा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि ठेवून दिलेलं मिश्रण कार्बोरेटरला त्रास देतं.

धार भुशावरून ओळखा. ज्वारीच्या कण्यांसारखे टपोरे तुकडे पडत असतील तर साखळी ठीक. पिठासारखा भुसा उडायला लागला की थांबा आणि कानस काढा. रस्त्याकडेच्या झाडांत बॅनरचे खिळे, दिव्यांच्या माळांची तार सालीखाली गिळलेली असते. कापण्याआधी खोडावरून हात फिरवा. खिळ्याजवळ साल काळपट होऊन जरा फुगते.

ऊन

एप्रिल-मेमध्ये आम्ही सहाला सुरुवात करतो आणि साडेदहाला वरचा माणूस खाली येतो. काम राहिलं तर राहिलं. हेल्मेट आणि हार्नेसमध्ये अंग तापतं, चक्कर आधी वरच्याला येते आणि तो ते कबूल करत नाही. म्हणून दर वीस मिनिटांनी खालच्यानं त्याला बोलतं करायचं. उत्तर उशिरा किंवा तुटक आलं तर खाली घ्या. पाण्याबरोबर ओआरएस ठेवा. दुपारी आभाळ काळवंडलं किंवा वारा फिरला तर लगेच उतरा.

आणि वरचा माणूस बेशुद्ध पडला तर त्याला उतरवणारा दुसरा चढणारा खाली, स्वतःच्या हार्नेससह, तयार हवा. १०८ ची गाडी येईल, पण ती झाडावर चढणार नाही. प्रथमोपचाराच्या पेटीत रक्त थांबवायचा दाबपट्टा हवाच, तो कसा आवळायचा हे टोळीतल्या प्रत्येकाला हातानं करून दाखवा.

आवरताना

दोर गाडीत करवतीजवळ टाकू नका. पेट्रोल, बॅटरीचं ॲसिड आणि ऊन हे तिन्ही त्याचा जीव घेतात. महिन्यातून एकदा थंड पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. रोज संध्याकाळी गुंडाळताना अख्खा दोर दोन बोटांतून सरकवा. कुठं मऊ पडलेला, कुठं चकचकीत, कुठं सुजलेला लागला तर तिथं रंगीत चिंधी बांधा आणि सकाळी उजेडात बघा. शंका गेली नाही तर तो दोर कापून त्याचे तुकडे करा. अख्खा ठेवला तर कुणीतरी घाईच्या दिवशी तो उचलतोच. आमच्या वहीत प्रत्येक दोराची खरेदीची तारीख, किती दिवस वापरला आणि कधी कापला, एवढं लिहिलेलं असतं. ती वही सकाळी गाडी निघण्याआधी एक जण वाचतो आणि बाकीचे आपापला दोर हातात घेऊन उभे असतात.